नगर रचना शाखेत नव्याने रुजू होताना: पहिल्या वर्षाचे काम कसे करावे

नगरपरिषदेच्या किंवा महानगरपालिकेच्या नगर रचना शाखेत रचना सहायक अथवा सहायक नगर रचनाकार म्हणून रुजू होणारा उमेदवार बहुधा शहराचा आराखडा करण्याच्या कल्पनेने येतो, आणि पहिल्या आठवड्यात त्याच्यासमोर येतात ते झोन दाखल्याचे, म्हणजे जमीन विकास योजनेत कोणत्या वापरासाठी दाखवली आहे हे सांगणाऱ्या दाखल्याचे अर्ज. त्यात खट्टू होण्याचे कारण नाही. विकास योजना साधारण वीस वर्षांसाठी केली जाते. त्यामुळे सेवेतील बहुतेक काळ नवी योजना करण्यात नव्हे, तर मंजूर योजना एकेका गट नंबरावर लागू करण्यात जातो, आणि ती लागू करायची म्हणजे सातबारा, मोजणी नकाशा, विकास योजनेचा नकाशा आणि प्रत्यक्ष जागा या चार गोष्टी एकमेकींशी जुळवून पाहायच्या. त्या सहसा तंतोतंत जुळत नाहीत, आणि कोणती गोष्ट नेमके काय सांगते हे नोंदवून ठेवणे हेच या पदाचे खरे काम आहे.

वाचनाची सुरुवात महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ पासून करावी, पण पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत क्रमाने वाचत बसू नये. आधी व्याख्या, मग विकास योजनेत काय असते ते सांगणारे कलम २२, परवानगीविषयीची कलमे ४३ ते ४८, अनधिकृत बांधकामाविषयीची ५२ व ५३, आणि आरक्षणाच्या (सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जमिनीच्या) संपादनाविषयीची १२६ व १२७ एवढे पहिल्या महिन्यात पक्के करावे. त्याच्या जोडीला एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली घ्यावी. ती डिसेंबर २०२० पासून बृहन्मुंबई व इतर मोजकी क्षेत्रे वगळता राज्यभर लागू आहे. तिच्यात वेळोवेळी दुरुस्त्या होत असल्याने शाखेतील जुन्या छापील प्रतीवर विसंबू नये. प्रत्येक फेरबदलाची अधिसूचना संबंधित पानाला जोडून ठेवावी आणि टिपणीत नियम क्रमांक लिहिताना तो त्या दिवशी लागू असलेला आहे याची खात्री करावी.

झोन दाखला आणि भाग नकाशा

झोन दाखला हे वरकरणी सोपे काम वाटते. गट नंबर शोधायचा, रंग पाहायचा, पिवळा असेल तर निवासी आणि हिरवा असेल तर शेती किंवा हरित असे लिहायचे. अडचण नकाशाच्या प्रमाणात असते. १:४००० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेष जमिनीवर दोन मीटर रुंद असते. त्या नकाशाची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स आणि तिच्यावर पट्टी ठेवून सांगितलेले अंतर, यांतून एखाद्याच्या घराची भिंत रस्त्यात जाते किंवा रस्त्याबाहेर राहते. म्हणून मोजमाप मूळ मंजूर नकाशावरूनच करावे आणि गटाची हद्द नगर भूमापन किंवा मोजणी नकाशावरून बसवावी. आरक्षणाची अथवा रस्त्याची रेषा हद्दीला चिकटून जात असेल, तर दाखल्यात ‘प्रत्यक्ष जागेवर आखणी करून बाधित क्षेत्र निश्चित करण्यात यावे’ असे स्पष्ट लिहावे.

नव्या माणसाने सर्वात आधी लक्षात ठेवायचे ते हे की सातबारा हा नकाशा नाही. गाव नमुना सात अधिकार सांगतो आणि बारा पिके सांगतो. त्यावरील क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, पण जमीन कुठे सुरू होते व कुठे संपते हे त्यावर कुठेच नसते. शिवाय लोक बोलतात गुंठ्यात. एक गुंठा म्हणजे तेहेतीस फूट गुणिले तेहेतीस फूट, अर्थात १०८९ चौरस फूट. तो एक आरपेक्षा किंचित मोठा आहे. एका गुंठ्यापुरता हा फरक क्षुल्लक असतो, चाळीस गुंठ्यांवर मात्र तो सुमारे ४७ चौरस मीटर होतो, म्हणजे गावात एका लहान घराची जागा.

रेखांकनाचे, म्हणजे जमिनीचे भूखंड पाडण्याच्या आराखड्याचे प्रकरण आले की क्षेत्राचा तक्ता स्वतः मांडून पाहावा, सल्लागार वास्तुविशारदाच्या तक्त्यावर नुसती बरोबरची खूण करू नये. समजा, एका गटाचे सातबाऱ्यावरील क्षेत्र ८२ आर, म्हणजे ८२०० चौरस मीटर आहे. मोजणी नकाशाप्रमाणे ते ८०४० आहे आणि जागेवर ७९६५ भरते. नियमावलीतील तक्त्यानुसार या तिन्हींतील सर्वात कमी क्षेत्र धरायचे, म्हणजे ७९६५. विकास योजनेचा १८ मीटर रुंदीचा रस्ता गटातून ९५ मीटर लांबीने जात असेल, तर १७१० चौरस मीटर वजा होतात आणि ६२५५ उरतात. हे क्षेत्र ०.४ हेक्टरपेक्षा जास्त असल्याने दहा टक्के, म्हणजे ६२५.५ चौरस मीटर खुली जागा सोडावी लागते. दाखल प्रस्तावात ती आठशेच्या आसपास दाखवली असेल तर हरकत नाही. पण ती नाल्याकाठच्या त्रिकोणी तुकड्यात कोंबली असेल तर तेथे मुले खेळणार नाहीत, हे टिपणीत लिहिण्याचा अधिकार तुम्हाला आहे आणि तो वापरावा.

स्थळपाहणी

जागेवर जाताना मोजणी नकाशा, भाग नकाशा (विकास योजनेच्या नकाशाचा त्या गटापुरता उतारा), टेप आणि तारीख-ठिकाण उमटणारा कॅमेरा एवढे पुरे. हद्दीचे दगड, पोहोच रस्ता, विजेच्या उच्चदाब वाहिन्या, विहीर, जुनी झाडे आणि शेजाऱ्याचे कुंपण या गोष्टी नोंदवाव्यात. नाला मात्र शोधावा लागतो. मे महिन्यात तो पायवाटेसारखा दिसतो आणि अर्जदार त्याला पायवाटच म्हणतो. अशा वेळी तेथे गुरे चारणाऱ्याला ‘मामा, पावसाळ्यात इथं पाणी कुठवर येतं?’ एवढे विचारावे. नदीकाठच्या गावांत पाटबंधारे विभागाने आखलेल्या निळ्या व तांबड्या पूररेषा नकाशावर बसवल्याशिवाय अभिप्राय देऊ नये. पंचगंगा आणि कृष्णेकाठी २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठवर चढले, हे कोल्हापूर-सांगलीकडे काम करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

तारखा

या शाखेत चुकीच्या रेषेपेक्षा चुकलेली तारीख महाग पडते. परवानगीच्या अर्जावर साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर विकास योजनेशी व नियमांशी सुसंगत असलेल्या प्रस्तावाला परवानगी मिळाली असे मानले जाते. म्हणून त्रुटी असतील तर त्या सर्व एकाच पत्रात कळवाव्यात. आज एक त्रुटी, पंधरा दिवसांनी दुसरी, ही पद्धत अर्जदाराला छळणारी आहे आणि तिच्याकडे संशयाने पाहिले जाते. बहुतेकदा तो संशय खराही असतो.

त्याहून गंभीर आहे ती कलम १२७ ची नोटीस. अंतिम विकास योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादन झाली नाही, तर मालक आपल्या हक्काच्या कागदपत्रांसह नोटीस देऊ शकतो, आणि ती बजावल्यापासून चोवीस महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी कायद्याने अपेक्षित पाऊल उचलले गेले नाही, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते. बोलण्यात हिला सरसकट ‘पर्चेस नोटीस’ म्हणतात. कायद्यातली खरेदी सूचना ही कलम ४९ ची वेगळी गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले की नुसता ठराव करणे किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवणे म्हणजे संपादनाचे पाऊल नव्हे. मी नवखा असताना अशी एक नोटीस इतर पत्रांच्या गठ्ठ्यात नस्तीला (फाइलला) लागली; आवक शिक्का होता, पण टेबलावर कोणी ती वाचलीच नाही. आम्हाला ती सापडली तेव्हा मुदत संपत आली होती. शाळेच्या मैदानाची ती जागा होती आणि आज तेथे इमारत उभी आहे. तेव्हापासून मी या नोटिसांची वेगळी नोंदवही ठेवू लागलो: मिळाल्याची तारीख, सोबतची कागदपत्रे, आरक्षण क्रमांक, मुदत संपण्याची तारीख, आणि प्रत्येक तिमाहीला मुख्याधिकाऱ्यांची सही.

टिपणी आणि माणसे

टिपणीच्या शेवटी ‘नियमानुसार योग्य ती कार्यवाही व्हावी’ असे लिहिणे म्हणजे अभिप्राय न देणे होय. वस्तुस्थिती, लागू नियम, प्रस्तावातील कमी-जास्त आणि शेवटी स्पष्ट शिफारस, या क्रमाने लिहावे. वरिष्ठांनी वेगळा निर्णय घेतला तरी तुमची शिफारस नस्तीत राहते, आणि पुढे चौकशी झाली तर तीच वाचली जाते. तोंडी सूचना मिळाली तर ‘चर्चेनुसार’ असे लिहून कोणाशी व कधी चर्चा झाली तेही नोंदवावे.

प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की खिडकीशी रांग लागते. हरकती व सूचनांसाठी तीस दिवस असतात, आणि बहुतेकांना नकाशा वाचता येत नाही. ‘साहेब, माझं घर रस्त्यात गेलं का?’ या प्रश्नाला ‘अर्ज करा’ हे उत्तर नव्हे. त्या गृहस्थांना नकाशाजवळ आणावे, त्यांच्या ओळखीची खूण, म्हणजे मंदिर, शाळा किंवा पाण्याची टाकी दाखवावी, तेथून बोट सरकवत त्यांच्या गटापर्यंत न्यावे आणि हरकत कोणत्या तारखेपर्यंत, कोणाच्या नावे द्यायची ते सांगावे. आरक्षण उठेल की नाही याविषयी मात्र एक शब्दही बोलू नये; तो निर्णय सुनावणीनंतर नियोजन समितीच्या अहवालावरून पुढे जातो, आणि तुमचा दिलासा उद्या गावभर ‘साहेबांनी शब्द दिलाय’ म्हणून फिरतो.

बदलीचा आदेश आला की कार्यभार देताना चालू नस्त्यांच्या यादीबरोबर कलम १२७ ची नोंदवही स्वतंत्रपणे सोपवावी, मुदत जवळ आलेल्या नोंदी लाल शाईने दाखवाव्यात आणि घेणाऱ्याची तारखेसह सही घेऊन तिची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.