बुधवार यायच्या आधी

आमच्या आर्वी तालुक्यात कॉमिक्सचं दुकान नाही. रोबो मिळतात ते जत्रेतल्या प्लास्टिकच्या ढिगात. दोन दिवसांत हात गळतो, तिसऱ्या दिवशी पाय. शहरातला माणूस दुकानात शिरतो, समोर दिसलं ते उचलतो. आपल्याला ती सोय नाही. इथं बसून नवा अंक किंवा नवा रोबो हवा असेल, तर तो बाजारात येण्याच्या आधी मागवावा लागतो. गावातल्या पोट्ट्यांनी गेल्या वर्षभरात इतक्यांदा विचारलं, "दादा, आधी काय करायचं?" म्हणून ही सगळी तयारी एकदाची लिहून काढतो आहे.

सगळ्यात आधी तारीख. अमेरिकेत नवी कॉमिक्स साधारणपणे बुधवारी दुकानात येतात. कोणता अंक येणार हे प्रकाशक दोन-तीन महिने आधी जाहीर करतो. पण आपल्यासाठी महत्त्वाची तारीख वेगळीच आहे. तिला तिकडे फायनल ऑर्डर कटऑफ म्हणतात, थोडक्यात एफओसी. दुकानदाराला आपल्या मागणीचा आकडा या दिवसापर्यंत बदलता येतो, आणि हा दिवस अंक येण्याच्या साधारण तीन आठवडे आधी असतो. किती प्रती छापायच्या याचा हिशोब बराचसा त्यावर ठरतो. म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयवर दोन खुणा करा: एफओसीची पेन्सिलीनं, अंक येण्याची पेननं. मुंबई किंवा बंगळुरूच्या ज्या विक्रेत्याकडून मागवता, त्याला पेन्सिलीच्या खुणेच्या आठवडाभर आधी फोन झालाच पाहिजे. त्यालाही पुढे कळवायला वेळ लागतो.

हे का सांगतो, तर जून २०२३ मध्ये 'व्हॉइड रायव्हल्स' नावाच्या नव्या मालिकेचा पहिला अंक आला. वरून पाहता ती अंतराळातल्या दोन शत्रूंची गोष्ट होती. आत मात्र एक ट्रान्सफॉर्मर, म्हणजे गाडीचं किंवा विमानाचं रूप घेणारा रोबो, निघाला, आणि प्रकाशकानं ते आधी कुणालाही सांगितलं नव्हतं. ज्यांनी मागणी नोंदवली नव्हती ते पुन्हा छपाईची वाट पाहत बसले. त्यानंतर ४ ऑक्टोबर २०२३ ला 'ट्रान्सफॉर्मर्स'चा नवा पहिला अंक आला. त्या वेळी मी पेन्सिलीची खूण आधीच करून ठेवली होती.

मग ठरवा, सुटे अंक घ्यायचे की एकत्र खंड. माझं मत स्पष्ट आहे: खेड्यातल्या वाचकानं खंड घ्यावा. सुटा अंक वीस-बावीस पानांच्या गोष्टीचा, पातळ. पार्सल दोन गाड्या बदलून येईतो त्याचे कोपरे मोडतात. खंडात सहसा पाच-सहा अंक असतात, पाठीला कणा असतो, आणि दर अंकामागे खर्चही कमी पडतो. डॅनिएल वॉरेन जॉन्सनने लिहिलेले आणि काढलेले 'ट्रान्सफॉर्मर्स'चे पहिले सहा अंक असेच एका खंडात मिळतात. या मालिकेला २०२४ मध्ये सर्वोत्तम चालू मालिकेचा आयझनर पुरस्कार, म्हणजे अमेरिकेतला कॉमिक्सचा मोठा पुरस्कार, मिळाला, आणि त्याच वर्षी जॉन्सनला लेखक-चित्रकार म्हणूनही. आधी चित्रं नुसती बघत जा, मग वाचा. त्याचे रोबो कुस्तीगिरासारखे एकमेकांना उचलून आपटतात, आणि पडतात तेव्हा त्यांचं वजन आपल्याला जाणवतं. सुटाच घ्यायचा तर पहिला अंक घ्या, बाकीसाठी खंडाची वाट पहा. वेगळ्या मुखपृष्ठांच्या मागे लागू नका. एकास पंचवीस असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच की दुकानदारानं साध्या पंचवीस प्रती घेतल्या की त्याला तसली एक मिळते. आत गोष्ट तीच.

यादीत आपल्या घरचीही पुस्तकं ठेवा. आमच्या काकाजींकडे इंद्रजाल कॉमिक्सची एक लोखंडी पेटी होती. १९६४ ते १९९० या काळात ते अंक निघत, मराठीतही येत, आणि वेताळ व मांड्रेक हे त्यांतले नायक आमच्या घरात नातेवाइकांसारखे वावरत. आमच्या पिढीनं बसस्टँडवरून भाड्यानं आणलेली राज कॉमिक्स हिंदीत वाचली. विदर्भात हिंदी वाचायला कुणाला शिकवावं लागत नाही. त्यातला इन्स्पेक्टर स्टील हा अर्धा माणूस, अर्धा यंत्र असलेला पोलीस. रोबोचं वेड मला तिथूनच लागलं. राजची जुनी कॉमिक्स आता पुन्हा छापून मिळतात, पार्सलात एखादं टाकायला सांगा.

आता रोबो. मागवण्याआधी पट्टी घेऊन भिंतीवर उंची मोजा, कारण फोटोत सगळे सारखेच मोठे दिसतात. ट्रान्सफॉर्मर्समध्ये मापांना नावं आहेत: डीलक्स साधारण १४ सेंटिमीटर, व्हॉयेजर १८ च्या आसपास, लीडर त्याहून थोडा मोठा किंवा जाड, आणि टायटन जवळजवळ दोन फूट. पहिला घेणार असाल तर व्हॉयेजर घ्या. सांधे हाताला कळण्याइतके मोठे असतात आणि रूपांतर शिकताना बोटं अडकत नाहीत. ही खेळणी १९८४ मध्ये अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीनं आणली, पण मुळात ती जपानच्या ताकारा कंपनीच्या डायक्लोन आणि मायक्रो चेंज या मालिकांतली होती. गोष्ट आणि नावं नंतर जोडली गेली. म्हणून आजही डब्यावर दोन्हीकडचा वारसा दिसतो.

स्वतः जोडायची हौस असेल तर गनप्ला आहे, म्हणजे गंडम या जपानी कार्टूनमधल्या रोबोचे प्लास्टिकचे सुटे भाग. १९८० पासून बंदाई ही जपानी कंपनी हे काढते. आकडा समजून घ्या: गोष्टीतला मूळ गंडम १८ मीटर उंच, म्हणून १/१४४ मापात तो साडेबारा सेंटिमीटर आणि १/१०० मापात १८ सेंटिमीटर होतो. हाय ग्रेड नावाच्या १/१४४ मापाच्या संचापासून सुरुवात करा. डिंक लागत नाही, भाग एकमेकांत बसतात. लागतं ते चांगलं निपर (प्लास्टिक कापायची छोटी पक्कड), छोटा कटर आणि ४०० व ८०० नंबरचा पॉलिश पेपर. भाग प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात; त्यातून कापताना आधी लांबून कापा, मग दुसऱ्यांदा जवळून. एका झटक्यात जवळून कापलं की प्लास्टिकवर पांढरा डाग उरतो. सूचना जपानीत असल्या तरी घाबरू नका, चौकटीचं अक्षर आणि भागाचा नंबर बघत गेलं की पुरतं. पायाकडून सुरू न करता आधी धड जोडा, म्हणजे काहीतरी उभं राहतंय हे लवकर दिसतं.

नकलीपासून जपा. १४ वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. डब्यावर चिन्हाजवळ परवान्याचा क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघता येतो. संग्राहकांसाठीच्या मोठ्या वयाच्या खेळण्यांवर ते चिन्ह नसू शकतं. तेव्हा रोबोच्या पायाच्या तळाशी किंवा पाठीवर कोरलेलं कंपनीचं नाव आणि साल बघा. किंमत फार कमी दिसली तर विक्रेत्याला तळपायाचा फोटो मागा. किंमत जास्त का, हेही माहीत असू द्या: खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०. विक्रेता तुम्हाला लुटतोच असं नाही.

वापरलेली जुनी खेळणी घेताना सोनेरी प्लास्टिक टाळा. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या काही रोबोंत चमकी मिसळलेलं सोनेरी प्लास्टिक आहे. ते आतून ठिसूळ होतं आणि डब्यातून न काढताही तडकतं. त्याला दुरुस्ती नाही.

पैशांचं गणित पिकाशी जोडलेलं आहे, आमचं तरी. मी लहान असताना तान्ह्या पोळ्याचा बोजारा डब्यात साठवत असे, लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरून मिळालेले ते पैसे. आजही पोरांना तेच सांगतो: बोजाऱ्याची रक्कम आगाऊ नोंदणीसाठी ठेवा, उरलेलं कापसाचे पैसे आल्यावर द्या. त्यासाठी विक्रेता नोंदणीला सगळी रक्कम मागतो की थोडी, हे आधी विचारा. परदेशी दुकानातून थेट घ्यायचं असेल तर कार्डावरची आंतरराष्ट्रीय आणि ऑनलाइन खरेदी बँकेच्या अ‍ॅपमधून स्वतः सुरू करावी लागते, नव्या कार्डावर ती बंद असते. काम झालं की पुन्हा बंद करा.

आणि पत्ता. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण माझं पहिलं पार्सल तालुक्यापर्यंत येऊन परत गेलं होतं. कुरिअरवाल्याला गाव सापडलं नाही, फोन लागला नाही कारण मी वावरात होतो आणि तिथं रेंज नाही. पंधरा दिवस मी त्याची वाट पाहिली होती. तेव्हापासून पत्त्यात मु. पो., तालुका, जिल्हा, पिनकोड तर लिहितोच, पण जवळची खूण आणि घरी नेहमी असणाऱ्या माणसाचा दुसरा नंबरही देतो. कुरिअर गावात येत नसेल तर स्पीड पोस्टनं पाठवायला सांगा. पोस्टमन काकांना आधी सांगून ठेवा की अमुक आठवड्यात एक खोकं येणार आहे. ते घर ओळखतात, माणूसही ओळखतात.

खोकं यायच्या आधी घरातली जागा तयार हवी. आपल्याकडे उन्हाळा हा मोठा शत्रू. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट नवतप्यात भट्टीसारखं तापतं. त्यात रोबोचे मऊ पीव्हीसीचे भाग वाकतात आणि स्टिकरचा डिंक सुटतो. उन्हानं पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं. म्हणून आतल्या खोलीची, खिडकीसमोर न येणारी देवळी किंवा फळी निवडा. कुलरच्या समोर कॉमिक्स कधीच ठेवू नका, वाळ्याच्या ताटीतून येणारी ओली हवा आठ दिवसांत पानं फुगवते. हे काकाजींच्या पेटीनं शिकवलं, अर्धे अंक ओलीनं आणि उरलेले कसरीनं गेले. कॉमिक पॉलिप्रोपिलीनच्या पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा लावून उभं ठेवा. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा चालत नाही, तो कागद पिवळा करतो.

कापूस घरात भरला की उंदीर येतात, तेव्हा खोकी जमिनीवर नकोत. डांबराच्या गोळ्या मात्र रोबोजवळ ठेवू नका. त्यांच्या वाफेनं पॉलिस्टायरीन मऊ पडून चिकटतं, आणि गनप्लात पॉलिस्टायरीन भरपूर असतं. कडुनिंबाचा वाळलेला पाला कागदात गुंडाळून दूर कोपऱ्यात ठेवला तर बरं. बटणाएवढ्या बॅटऱ्या लागणारा रोबो असेल तर खेळून झाल्यावर बॅटऱ्या काढा. त्या गळून आतले पत्रे खातात. काढलेल्या बॅटऱ्या घरातल्या बाळाच्या हाती लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवा. गिळल्या तर जिवावर बेततं.

पार्सल आलं की फोनवर व्हिडिओ सुरू करून मगच चिकटपट्टी कापा. आधी चारही बाजू, पत्त्याचं लेबल, मग आतलं. तुटकं निघालं तर विक्रेता हाच पुरावा मागतो. कटर खोल घालू नका. वरच्या पुठ्ठ्यालाच अंक लागून असतो.

मग रोबो हातात घ्या. सूचनापत्र समोर ठेवून पहिल्यांदा हळूच बदला. सांधा फिरत नसेल तर जोर लावू नका, बहुतेक वेळा आधीचा एखादा भाग पूर्ण सरकलेला नसतो. तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे तो नंदीशेजारी पाटावर बसतो. गल्लीतली लहानगी आधी नंदीला हात लावतात, मग त्याला. रात्री तो पुन्हा फळीवर जातो, आणि मी कालनिर्णयवर पुढच्या एफओसीची खूण करतो, पेन्सिलीनं.