मृगाआधी डीपीच्या जाळीभोवतीची तयारी

मृग लागायला तीन आठवडे उरले की सोसायटीत गच्चीचं वॉटरप्रूफिंग, ड्रेनेजच्या जाळ्या, पार्किंगमधला पाण्याचा पंप सगळ्यांची आठवण होते. कंपाउंडच्या कोपऱ्यात तारेच्या जाळीआड ओट्यावर बसलेल्या ट्रान्सफॉर्मरची आठवण मात्र तो बंद पडल्यावरच होते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत उभ्या राहिलेल्या वसाहतींमध्ये ही जमिनीवरची जुनी डीपी अजून ठिकठिकाणी दिसते. खरं तर डीपी म्हणजे डबल पोल, दोन खांबांची रचना. पण बोलताना आपण जमिनीवरच्या ट्रान्सफॉर्मरलाही डीपी म्हणतो आणि रस्त्याकडेच्या फ्यूजच्या पेटीला, म्हणजे फीडर पिलरलाही. म्हणून तक्रार नोंदवताना नुसतं ‘डीपीत पाणी शिरलंय’ म्हणू नका. जाळीतला ट्रान्सफॉर्मर की फीडर पिलर, हे सांगा. भर पावसात लाइनमनचा अर्धा तास वाचतो.

आधी एक ठरवून टाका: जाळीच्या आत आपण जायचं नाही. सेक्रेटरीने नाही, वॉचमनने नाही, ‘मी इलेक्ट्रिशियन आहे’ म्हणणाऱ्या भाडेकरूने तर नाहीच. आत ११ हजार व्होल्ट येतात (काही भागांत २२ हजार), आणि या दाबाला माणसाने स्पर्श करावाच लागतो असं नाही, फार जवळ गेलं तरी पुरतं. आतलं काम वीज कंपनीचं. आपलं काम बाहेरचं, आणि ते कमी मोलाचं नाही. ट्रान्सफॉर्मर चाळीस वर्षं जागचा हललेला नसतो, भोवतालचं सगळं बदललेलं असतं. रस्ता वर आला, झाड वाढलं, घरोघरी एसी आले, जाळीला कुणी काय काय बांधलं. हे बदल रोज तिथून जाणाऱ्याच्या नजरेला पडतात. वर्षातून एकदा येणाऱ्या माणसाला ते कळणार नाहीत.

मे महिन्यातला एक कोरडा रविवार निवडा. सकाळी सातला वही, पेन्सिल आणि झूम होणारा फोन घेऊन दोघांनी जायचं, एकट्याने नाही. मोजायला टेप लागेल ती कापडी, स्टीलची नको. जाळीला टेकायचं नाही, हातही लावायचा नाही. बाहेरूनच ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटचा फोटो काढा. त्यावर केव्हीए (ट्रान्सफॉर्मरची क्षमता), व्होल्टेज, तेलाचं प्रमाण आणि बनावटीचं वर्ष असतं. ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवा. ११०००/४३३ व्होल्टचा २०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर पूर्ण भाराला आपल्या बाजूने साधारण २६७ अँपिअर देतो, ३१५ केव्हीएचा ४२०. ज्या काळात घरात चार दिवे, दोन पंखे आणि एक फ्रिज होता तेव्हाचा हिशेब तो. म्हणून वहीच्या दुसऱ्या पानावर आज किती घरांत एसी आहेत, किती गिझर, पार्किंगमध्ये गाड्यांचे किती चार्जर, याचा अंदाज लिहा. भार वाढवून मागायचा अर्ज लिहिताना हे पान उपयोगी पडतं.

मग पाण्याची पातळी. माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित नोंद. ओटा बांधला तेव्हा तो रस्त्यापेक्षा हातभर उंच होता. नंतर दर काही वर्षांनी जुना थर न खरवडता वर नवं डांबर पडत गेलं, कंपाउंडमध्येही काँक्रीट झालं, आणि आता जाळीच्या आतली जमीन खड्ड्यात गेली आहे. लांबून पाण्याची बादली ओता आणि पाणी कुठे वाहतं ते बघा. ते जाळीकडे धावत असेल तर पावसाळ्यात तिथे तळं साठणार. बाहेरच्या बाजूने पाणी वळवणारी चर किंवा छोटा बंधारा सोसायटी करू शकते, पण कुदळ लावण्याआधी केबल कुठून आल्या आहेत ते कंपनीच्या माणसाकडून जमिनीवर आखून घ्या. जुन्या केबलच्या जागा नकाशावर एक आणि जमिनीखाली भलत्याच, असं होतं. घुशींची बिळं दिसली तर तीही लिहा. केबलच्या चरातली भुसभुशीत माती त्यांना आवडते, आणि त्याच वाटेने पाणी आत शिरतं.

आता खडी. ट्रान्सफॉर्मरभोवती पसरलेली खडी शोभेसाठी आहे असं पुष्कळांना वाटतं, आम्हालाही वाटायचं. तिचं खरं काम वेगळं आहे. आत काही बिघाड होऊन करंट जमिनीत उतरला की जमिनीच्या वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा दाब तयार होतो. माणूस दोन पायांत अंतर ठेवून उभा असेल तर त्या दोन पायांखालच्या दाबातल्या फरकामुळे करंट त्याच्या अंगातून वाहतो. ओली माती त्याला सहज वाट देते, खडीचा चार-सहा इंचांचा स्वच्छ थर भिजला तरी मातीच्या कित्येक पट विरोध करतो. शिवाय तेल गळलं तर ते खाली झिरपतं, पसरून पेट घेत नाही, आणि गवतही फार माजत नाही. म्हणून खडी मातीने बुजलीय का, तिच्यावर पालापाचोळा कुजून काळी माती झालीय का, हे बाहेरून बघून लिहा. आणि जाळीलगतच्या पट्ट्यात सोसायटीने हौसेने पेव्हर ब्लॉक बसवले असतील तर तेही लिहा. आमच्याकडे सुशोभीकरणाच्या नावाखाली तसे बसवले होते, खाली होती नव्हती ती खडी उचलून टाकली होती. ठरावावर मीही सही केली होती. पुढच्याच जूनमध्ये तिथे घोटाभर पाणी उभं राहिलं आणि मुलं त्यातून शाळेत जात होती. ते ब्लॉक आम्ही काढले. आजही तो पट्टा ओबडधोबड दिसतो आणि तो तसाच राहू द्यावा असं माझं ठाम मत आहे.

कुंपणाची उंची मोजा, पण लांबून, शेजारी काठी उभी करून. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून जमिनीवरच्या उघड्या उपकेंद्राला किमान १.८ मीटर उंच कुंपण हवं असं ठरलेलं आहे, म्हणजे जवळपास सहा फूट. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांतही तेच आलं. जमीन वर आली की कुंपण आपोआप बुटकं होतं, हे लक्षात घ्या. साडेचार फूट भरलं तर फोटोसह लिहा. जाळी खालून गंजून सुटली आहे का, कुत्रं किंवा लहान मूल शिरेल एवढी फट आहे का, फाटकाला कुलूप आहे का, कवटीचा धोक्याचा फलक मराठीत आणि वाचता येण्याजोगा आहे का, हे सगळं एकाच फेरीत होतं. फाटक आणि त्याचा खांब यांना जोडणारी वेणीसारखी तांब्याची पट्टी तुटली असेल तर वहीत त्या नोंदीखाली लाल रेघ मारा. ती नसेल तर फाटकाला अर्थिंग फक्त गंजलेल्या बिजागरीतून मिळतं.

जाळीला बांधलेल्या वस्तूंची यादी मात्र वेगळ्या पानावर करा, कारण ती मोठी निघते. कपडे वाळत घालायची तार, केबल टीव्हीची आणि इंटरनेटची वायर, वेलीला आधार म्हणून दिलेली सळई, सायकलची साखळी, जाहिरातीचा फ्लेक्स, मागच्या दिवाळीची लाइटची माळ. बिघाड झाला की आतला दाब जाळीवर येतो आणि जाळीला बांधलेली तार तो वीस फूट लांब, कुणाच्या तरी ओट्यापर्यंत नेऊन पोचवते. आमच्या मागच्या चाळीतल्या एका काकूंना ओला टॉवेल वाळत घालताना हाताला झिणझिण्या आल्या. त्यांनी सुनेला सांगितलं, सुनेने आम्हाला, आणि तोवर चार दिवस गेले होते. त्यानंतर आम्ही नियमच केला: जाळीपासून दहा फुटांत काही बांधायचं नाही, काही टेकवायचं नाही. आणि बांधलेलं काढायचं तेही पुरवठा बंद असताना, कंपनीच्या माणसासमोर. घाईघाईने वायर ओढायला जाणं ही तर सरळ आपत्ती.

पुढची नोंद, जाळीलगतचा कचरा रोज उचलला जातो की नाही. ट्रान्सफॉर्मरमध्ये काही शे लिटर खनिज तेल असतं. जाळीलगत पालापाचोळा पेटवणारा सफाई कामगार वाईट नसतो, त्याला कुणी सांगितलेलं नसतं. सांगा. कोरड्या वाळूच्या चार बादल्या थोड्या अंतरावर ठेवा, आणि आग लागलीच तर पाणी मारायचं नाही हे वॉचमनच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लिहा. त्याच्याखाली १९१२ वीज, १०१ अग्निशमन, १०८ रुग्णवाहिका.

झाडांच्या फांद्या आपण तोडायच्या नाहीत. कुठली फांदी तारेपासून किती जवळ आहे त्याचा फोटो काढून कंपनी आणि उद्यान विभाग, दोघांना पत्र द्या.

आता ते पत्र. मोघम लिहू नका. ‘जुनी व धोकादायक डीपी’ असं लिहिलं की ते गठ्ठ्यात जातं. नेमप्लेटचा फोटो, ओट्याची पातळी, कुंपणाची उंची, तेलाचे ओघळ दिसले तर कुठे, ट्रान्सफॉर्मरला लावलेल्या काचेच्या डबीतल्या सिलिका जेलचा रंग (निळा असायचा तो गुलाबी झाला असेल तर तो ओलावा शोषून थकला आहे), बुजलेली खडी, तुटलेली अर्थिंगची पट्टी, असं एकेका ओळीत. एक प्रत कंपनीच्या सेक्शन ऑफिसला, एक उपविभागाला, पोच घेऊन. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकांकडे तेच पत्र पोचेच्या प्रतीसह. हे राज्य शासनाचं स्वतंत्र पद आहे, आणि सामान्य माणसाला ते फारसं माहीत नसतं.

मान्सूनपूर्व देखभालीसाठी पुरवठा बंद ठेवण्याचा दिवस कळला की (पुण्यात तो बहुधा गुरुवार) त्या दिवशीची तयारी वेगळी. लिफ्ट आधी खाली आणून ठेवा, टाक्या आदल्या रात्री भरा, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर कुणी असेल तर त्यांना दोन दिवस आधी सांगा. पण खरी काळजी जनरेटरची. ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो. चेंजओव्हर स्विच (कंपनीची वीज किंवा जनरेटर, दोन्हींपैकी एकच जोडणारा) नीट नसेल आणि जनरेटरची वीज मागे सरकली, तर आपल्या बाजूचे चारशे व्होल्ट पलीकडे पुन्हा अकरा हजार होतात, आणि तिथे खांबावर लाइनमन हात घालून बसलेला असतो. तो आधी तपासून, लाइन अर्थ करूनच काम सुरू करतो, तरीही आपल्या बाजूने चूक होता कामा नये. त्या आठवड्यात परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर तपासून घ्या. कुणी दुकानदाराने छोटा जनसेट थेट प्लगमध्ये लावायची सवय ठेवली असेल तर त्याला जाऊन समजवा, गरज पडली तर दोनदा जा. आणि काम करायला आलेल्यांना सावलीत पाणी आणि चहा द्या.

मुलांसाठी एक वस्तू विकत आणा: टेनिसच्या डझनभर चेंडूंचा खोका, वॉचमनच्या केबिनमध्ये. चेंडू जाळीत गेला तर तो गेला, केबिनमधून दुसरा घ्यायचा, कुणी रागावणार नाही. ‘आत जाऊ नका’ हे फलकाने सांगून मुलं ऐकत नाहीत, हातात दुसरा चेंडू आला की ऐकतात. त्याच वेळी त्यांना हेही शिकवा की तार तुटून पडलेली दिसली तर धावायचं नाही, दोन्ही पाय जोडून छोट्या छोट्या उड्या मारत लांब जायचं. शॉक लागलेल्या माणसाला कोरड्या काठीने दूर करायचं असं आपण घरात ऐकलेलं असतं. ते घरातल्या विजेपुरतं. अकरा हजाराला काठीचा भरवसा नाही. आधी पुरवठा बंद झाल्याची खात्री, मगच हात.

पहिला जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तीच वही घेऊन पुन्हा एक फेरी मारा, बाहेरूनच. पाणी कुठे साचलं, किती वेळ राहिलं, ट्रान्सफॉर्मरची गुणगुण नेहमीपेक्षा मोठी येते का, कुठे चरचर ऐकू येते का. गणपतीच्या मंडपाची जागा ठरवताना ही वही बैठकीत घेऊन जा, आणि कमानीचा लोखंडी पाइप जाळीकडे येत असेल तर तिथेच सांगा.