कॅक्टसची कुंडी बदलताना आधी मुळं बघा

गेल्या पावसाळ्यात इंदूरच्या आमच्या गच्चीवर दोन कॅक्टस गेले. वरून हिरवेगार, पण हात लावला तर बुडापासून कलंडले. कुंडीत आपली माळव्याची काळी माती होती. गहू-सोयाबीनला ती सोन्यासारखी, कारण ओल धरून ठेवते. कॅक्टसला नेमकं तेच बाधतं.

बहुतेक कॅक्टसची मुळं खोल जात नाहीत, जमिनीलगत दूरवर पसरतात. अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटातला सग्वारो १२ मीटर उंच होतो, तरी त्याची बरीचशी मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात. पावसाची एखादी सर आली की जुन्या मुळांवर बारीक तंतू फुटतात, मिळेल तेवढं पाणी खोडात भरतात आणि माती सुकली की झडून जातात. उरलेली जाड मुळं आकसतात, मुळं आणि माती यांच्यात हवेची फट पडते. त्या फटीमुळे कोरडी माती मुळातलं पाणी ओढून घेऊ शकत नाही. किती साधी आणि किती चोख सोय!

कुंडी फेब्रुवारी-मार्चमध्ये बदला. आधी आठवडाभर पाणी बंद. मग वर्तमानपत्राची जाड घडी रोपाभोवती गुंडाळून ते अलगद उपसा आणि जुनी माती बोटांनी झाडा. इथे घाई करू नका. निरोगी मूळ फिकट तपकिरी आणि चिवट असतं. कुजलेलं काळपट, मऊ. चिमटीत धरून ओढलं तर साल सुटून हातात येते, आत नुसता दोरा राहतो. तेवढी मुळं स्वच्छ कात्रीने कापा आणि रोप चार-पाच दिवस सावलीत उघडंच ठेवा. कापलेली जागा सुकून खपली धरली पाहिजे. ओल्या जखमेतूनच कूज आत शिरते.

नवी कुंडी मातीची, पसरट, बुडाला भोक असलेली घ्या. (गाजरासारखं जाड सोटमूळ असेल तर मात्र खोल हवी.) एक भाग कुंडीसाठी मिळते ती तयार माती, दोन भाग भरड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे. वाळू बारीक नको, ती दबून घट्ट बसते.

लावल्यावर पुन्हा आठवडाभर पाणी नाही. मला हे सगळ्यात जड जातं! त्यानंतर द्याल तेव्हा भोकातून निथळेपर्यंत द्या, रोज चमचाभर नको. पुढचं पाणी कधी, ते उदबत्तीची काडी सांगेल: तळापर्यंत खुपसा, कोरडी बाहेर आली तरच द्या. थंडीत महिन्याला एखादवेळ पुरतं. जूनच्या मध्यापासून कुंड्या पत्र्याखाली सरकवा, पण उजेड आणि वारा लागेल अशा.