पिस्टन हलला का, ते आधी बघा: पाणी-वाफेच्या गणितात या चुका टाळा

पिस्टन-सिलिंडरमधलं पाणी आणि वाफेचं मिश्रण तापवण्याचं गणित डिप्लोमा आणि डिग्री दोन्हीकडे हमखास असतं. सूत्रं मोजकी, स्टीम टेबल (दाब-तापमानानुसार पाणी-वाफेचे गुणधर्म देणारं कोष्टक) हाताशी, तरी उत्तर चुकतं. माझ्या मते याचं मोठं कारण म्हणजे पिस्टन कधी अडून राहतो आणि कधी उचलला जातो, हे ठरवायच्या आधीच सूत्र लिहिलं जातं.

एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊन जाऊ. सिलिंडरमध्ये १ किलो मिश्रण आहे, दाब १ बार, ड्रायनेस फ्रॅक्शन (मिश्रणाच्या वस्तुमानात वाफेचा वाटा) ०.२. पिस्टन खालच्या स्टॉपवर टेकलेला आहे आणि त्याला उचलायला आत २ बार दाब लागतो. तापमान २०० अंश सेल्सिअस होईपर्यंत किती उष्णता द्यावी लागेल?

इथे बरेच जण थेट एन्थाल्पीतला (आंतरिक ऊर्जा अधिक दाब गुणिले आकारमान) फरक काढतात. शेवटची एन्थाल्पी २८७०.७, सुरुवातीची ८६९, म्हणजे सुमारे २००२ किलोज्यूल. हे उत्तर चूक आहे. उष्णता म्हणजे एन्थाल्पीतला फरक, हे दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्थिर असेल तरच चालतं. इथे १ बारपासून २ बारपर्यंत पिस्टन जागचा हलत नाही, म्हणून त्या टप्प्यात कार्य शून्य आणि उष्णता म्हणजे फक्त आंतरिक ऊर्जेतली वाढ. पिस्टन उचलला गेल्यावर मात्र दाब २ बारवर स्थिर राहतो आणि तिथे एन्थाल्पी वापरता येते.

पहिल्या टप्प्यात विशिष्ट आकारमान ०.३३९७ घनमीटर प्रति किलो इतकंच राहतं. २ बारला त्याच आकारमानावरून ड्रायनेस फ्रॅक्शन काढलं तर ०.३८३ येतं. म्हणजे पिस्टन हलायच्या आधीच वाफेचं वस्तुमान जवळपास दुप्पट झालं. अनेक जण इथे ०.२ च पुढे ओढतात आणि पुढची सगळी आकडेमोड बिघडते. या टप्प्याची उष्णता ४४४.३, पुढच्या टप्प्याची १५२३.४, एकूण १९६७.७ किलोज्यूल. आधीच्या चुकीच्या उत्तरात ३४ किलोज्यूल जास्त आले होते. दाबातली वाढ १०० किलोपास्कल, तिला सुरुवातीच्या आकारमानाने गुणा, नेमके तेवढेच येतात.

कार्य काढताना दुसरा मोह सरासरी दाबाचा. १ आणि २ ची सरासरी दीड बार, गुणिले आकारमानातली वाढ, की १११ किलोज्यूल. बरोबर उत्तर १४८.२ आहे, कारण आकारमान वाढलं ते सगळं २ बारवरच. सरासरी दाब चालतो तो पिस्टनवर रेषीय स्प्रिंग असेल तेव्हा. तिथे दाब आकारमानासोबत सरळ रेषेत वाढतो. आणखी एक: बारला घनमीटरने गुणलं तर किलोज्यूल मिळत नाहीत, १०० ने गुणावं लागतं.

थर्मामीटरवर विसंबू नका

पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१८ आणि तापमानातला फरक १०० अंश, असा गुणाकार करून ४२० किलोज्यूल लिहिलेली उत्तरं दिसतात. मिश्रणाला हे लागूच होत नाही. आपल्या उदाहरणात पिस्टन उचलल्यावर तापमान बराच काळ १२०.२ अंशांवरच थांबतं आणि त्या काळात १३५९ किलोज्यूल अप्रकट उष्मा म्हणून, म्हणजे तापमान न वाढवता पाण्याची वाफ करण्यात, जातात. शेवटचं पाणी संपल्यावर वाफ अतितप्त होऊ लागते, म्हणजे तिचं तापमान उकळबिंदूच्या वर जातं. तिथून २०० अंशांपर्यंत जेमतेम १६४ किलोज्यूल लागतात. म्हणूनच मिश्रणात फक्त दाब आणि तापमान माहीत असून अवस्था ठरत नाही. दोन्ही एकमेकांना बांधलेले आहेत. तिसरी गोष्ट, म्हणजे आकारमान, ऊर्जा किंवा ड्रायनेस फ्रॅक्शन, लागतेच.

ड्रायनेस फ्रॅक्शन हे वस्तुमानाचं गुणोत्तर आहे, जागेचं नाही. सुरुवातीला ८०० ग्रॅम द्रव आहे, पण त्याने ३४० लिटरपैकी एक लिटरही व्यापलेला नाही. उरलेली सगळी जागा २०० ग्रॅम वाफेची. आदर्श वायूचं समीकरण अख्ख्या १ किलोला लावलं तर आकारमान पाचपट येतं. नुसत्या संपृक्त (पाणी नसलेल्या, पण उकळबिंदूवरच्या) वाफेला लावलं तर २ बारला फरक अडीच टक्क्यांच्या आसपास राहतो, पण स्टीम टेबल समोर असताना तीही चूक कशाला करायची?

दाब कुठला दिलाय तेही वाचा. टेबलात निरपेक्ष दाब (निर्वातापासून मोजलेला) असतो, गेजवर वातावरणापेक्षा जास्त असलेला. घरच्या कुकरची शिट्टी साधारण १ बार गेज दाबाला उचलली जाते, म्हणजे आत सुमारे २ बार आणि १२० अंश. तोच १ बार टेबलात तसाच शोधला तर ९९.६ अंश मिळतील. पिस्टनचं वजन भागिले क्षेत्रफळ काढल्यावर वातावरणाचा दाब मिळवायचा राहतो, तीही हीच चूक.

उत्तर तपासायला दुसरा रस्ता वापरा. सुरुवात ते शेवट आंतरिक ऊर्जेतला फरक १८१९.६, त्यात कार्य १४८.२ मिळवा: १९६७.८. टप्प्याटप्प्याने १९६७.७ आलं होतं. दशांशाचा फरक पूर्णांकनाचा; पाच-दहा किलोज्यूलचा फरक दिसला, तर टेबलाची ओळ चुकली आहे किंवा दोन वेगवेगळ्या टेबलांचे आकडे मिसळले आहेत.