टायटल कंपनी निवडताय? घरातलं एक जण भारतात असेल तर हे आधी वाचा

टेक्सासमध्ये घर घ्यायला किंवा विकायला काढलं की टायटल कंपनी कुठली हे बहुतेक लोक एजंटवर सोडून देतात. मागच्या वेळी आम्हीपण तेच केलं, एक साधा प्रश्न विचारायचा राहिला, त्यापायी क्लोजिंग (सह्या आणि पैसे होऊन घर हातात जातं तो दिवस) पुढे गेलं आणि घेणाऱ्यांचा रेट लॉक (कर्जाचा ठरलेला व्याजदर धरून ठेवायची मुदत) वाढवायचा खर्च आमच्या अंगावर आला. त्यानंतर ओळखीत कोणी घराचं काढलं की मी हे सगळं फोनवर सांगत बसते, तर आता एकदाच लिहून टाकते. डॅलस, फ्रिस्को, ऑस्टिन, ह्यूस्टनकडच्यांसाठी आहे हे. न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, जॉर्जियाकडे क्लोजिंगमध्ये वकील असतात, तिकडची पद्धत वेगळी.

टायटल कंपनी करते काय ते थोडक्यात. आपल्याकडे फ्लॅट घेताना वकील तीस वर्षांचा सर्च काढून रिपोर्ट देतो आणि त्याचं काम संपतं. इथे सर्चही हीच कंपनी करते, त्यात काही सुटलं तर भरपाई देणारा विमाही हीच विकते, आणि सौदा पूर्ण होईपर्यंत दोन्ही बाजूंचे पैसेही हिच्याकडेच असतात. म्हणजे तुमच्या घराचे सगळे पैसे एक दिवस तरी या लोकांच्या खात्यात असणार आहेत, तेव्हा ‘कुठलीपण चालेल’ म्हणू नका. लायसन टेक्सास डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्सच्या साइटवर बघता येतं, दोन मिनिटं लागतात, बघा.

आता दर. यावर लोक फार वेळ घालवतात आणि उगाच घालवतात. टेक्सासमध्ये टायटल इन्शुरन्सचा प्रीमियम सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांचा सारखाच. कोणी म्हणालं आमचा प्रीमियम स्वस्त, तर तिथेच सावध व्हा. फरक पडतो तो एस्क्रो फी (मधे पैसे सांभाळायची फी), कागद बनवायची फी, कुरियर आणि असल्या किरकोळ गोष्टींत, ते सगळं लिहून मागा आणि दोन-तीन ठिकाणचं समोरासमोर ठेवून बघा, पण शे-दीडशे डॉलरसाठी ढिसाळ माणसांकडे जाऊ नका. ओनर्स पॉलिसीचे, म्हणजे घरमालकाच्या टायटल विम्याचे, पैसे कोण भरणार ते कॉन्ट्रॅक्टमध्ये ठरतं, बऱ्याच ठिकाणी विकणारा भरतो, पण तसा कायदा नाहीये, बोलून ठरवायची गोष्ट आहे. आणि घेणाऱ्यांनो, कर्जाच्या कागदावर ओनर्स पॉलिसीसमोर ‘ऑप्शनल’ लिहिलेलं दिसलं म्हणून काढून टाकू नका. बँकेची पॉलिसी बँकेला वाचवते, तुम्हाला नाही. एकदाच पैसे भरायचे आणि घर तुमचं आहे तोवर ती चालते.

कंपनी निवडायची कोणी? केंद्राचा रेस्पा नावाचा कायदा आहे, त्याच्या नवव्या कलमानुसार घेणारा बँकेचं कर्ज काढत असेल तर विकणारा त्याला ‘टायटल इन्शुरन्स अमुकच कंपनीकडून घे, नाहीतर घर देणार नाही’ असं म्हणू शकत नाही. नवीन बांधकामात बिल्डर यातून वाट काढतात, आमची बँक आणि आमची टायटल कंपनी घेतलीत तर इतके हजार सूट म्हणतात. सूट खरंच मोठी असेल तर घ्या, त्यात गैर काही नाही, पण बिल्डरचा किंवा एजंटचा त्या कंपनीत हिस्सा असेल तर तसं लिहून द्यावं लागतं, तो कागद वाचून मग सही करा. ‘आम्ही नेहमी यांच्याकडेच करतो’ हे कारण होत नाही, का करता ते विचारा.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. सही करणारं एक माणूस क्लोजिंगच्या वेळी भारतात असणार असेल, किंवा असण्याची नुसती शक्यता असेल, तर कंपनी ठरवायच्या आधी, आधी म्हणजे कॉन्ट्रॅक्टवर नाव लिहायच्या आधी विचारा की तुम्ही भारतात केलेली पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी घेता का, घेत असाल तर कुठल्या मजकुराची, कोणासमोर सही केलेली, आणि मूळ कागद तुमच्या हातात कधीपर्यंत हवा. चार प्रश्न आहेत. उत्तरं ईमेलवर घ्या, फोनवर ‘हो हो, नो प्रॉब्लेम’ म्हणतात त्याला काही अर्थ नाही.

आमचं घर माझ्या एकटीच्या नावावर होतं. नवरा नाशिकला, सासऱ्यांचं ऑपरेशन होतं. मला वाटलं नाव माझं, सही माझी, त्याचा काय संबंध. संबंध आहे! टेक्सासमध्ये तुम्ही राहता ते घर होमस्टेड असतं, आणि लग्न झालेलं असेल तर डीडवर (खरेदीखतावर) एकाचंच नाव असलं तरी विकताना दोघांची सही लागते. हे कळलं तेव्हा क्लोजिंग तोंडावर आलं होतं. मग घाईघाईने इंटरनेटवरून एक नमुना काढला, त्याने नाशिकच्या नोटरीकडे जाऊन सही केली, स्कॅन पाठवला, आणि टायटल कंपनीने तो परत केला. मजकुरात घराचं कायदेशीर वर्णन नव्हतं, नुसता पत्ता होता. भारतातल्या नोटरीचा शिक्का ते तसाच घेत नव्हते. आणि त्यांना स्कॅन नको होता, मूळ कागद हवा होता. तीनही गोष्टी पहिल्याच दिवशी विचारल्या असत्या तर एका ईमेलमध्ये कळल्या असत्या.

तर क्रम असा ठेवा. मजकूर टायटल कंपनीकडूनच मागवा, तुमचा नमुना नको, तुमच्या चुलतभावाने ऑस्टिनला वापरलेला तर नकोच. त्या मजकुरात प्रॉपर्टीचं लॉट-ब्लॉकसकट पूर्ण वर्णन आणि विकायचा की घ्यायचा अधिकार ते स्पष्ट पाहिजे. कर्ज असेल तर बँकेलाही तोच मजकूर दाखवा, कारण टायटलने पास केलेलं बँक नाकारू शकते. मग सही. सगळ्यात कमी वाद अमेरिकन कॉन्सुलेटमधल्या नोटरीचा होतो. मुंबईत ते बीकेसीला आहे, ऑनलाइन अपॉइंटमेंट घ्यावी लागते आणि ती हवी तेव्हा मिळेलच असं नाही, दर शिक्क्याला ५० डॉलर, स्वतः जायचं, पासपोर्ट न्यायचा आणि सही तिथे त्यांच्यासमोर करायची, घरून करून नेलीत तर परत पाठवतील. दुसरा मार्ग स्थानिक नोटरी आणि त्यावर अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचं सरकारी प्रमाणपत्र), पण त्याला आधी राज्य सरकारचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र खात्याचा शिक्का असे टप्पे आहेत, आणि तुमची कंपनी अपॉस्टिल घेते का हे परत विचारायचंच. मग मूळ कागद कुरियरने. तो पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीचा कागदही डीडबरोबर काउंटी क्लार्ककडे नोंदवायचा असतो, म्हणून मूळ लागतो. क्लोजिंगच्या दिवशी कंपनी बऱ्याचदा भारतात फोन करून माणूस हयात आहे ना आणि त्याने अधिकार मागे घेतला नाही ना हे बघते, तेव्हा इथे दुपार म्हणजे तिथे मध्यरात्र, फोन चालू ठेवून झोपायला सांगा.

‘पण आता ऑनलाइन नोटरी असते ना?’ असते. टेक्सासमध्ये २०१८ पासून आहे, आणि सही करणारा परदेशात असला तरी चालू शकतं. पण ओळख पटवायला स्क्रीनवर जे प्रश्न येतात ते अमेरिकेतल्या क्रेडिटच्या आणि जुन्या पत्त्यांच्या नोंदींवरून येतात. एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, असलेल्या, सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या माणसाची ती नोंदच नसते, मग प्रश्न तयारच होत नाहीत आणि गाडी तिथेच अडते. शिवाय सगळ्या टायटल कंपन्या परदेशातून केलेली ऑनलाइन सही घेत नाहीत. म्हणून परत तेच, कंपनी ठरवायच्या आधी विचारा. ‘आमच्यात दोघं इथेच आहेत’ म्हणणाऱ्यांनीही विचारा, आई-वडिलांचं वय झालेलं असतं, तिकीट कधी काढावं लागेल सांगता येत नाही. दोघं इथे असताना इथल्याच नोटरीसमोर कंपनीच्या मजकुरावर पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून ठेवली तर वर लिहिलेली भारतातली धावपळ करावी लागत नाही. कृपा करून हे करा.

नावांचा घोळ. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, पासपोर्टवर एक, लायसनवर दुसरं, कर्जाच्या अर्जात मधलं नाव गायब. कॉन्ट्रॅक्ट, कर्ज आणि डीड तिन्हीकडे एकच स्पेलिंग ठेवा आणि माहेरचं नाव कुठेही वापरलेलं असेल तर एस्क्रो ऑफिसरला (टायटल कंपनीत तुमची फाइल बघणाऱ्या माणसाला) आधीच सांगा, एका अ‍ॅफिडेव्हिटचं काम असतं ते. आणि आडनाव पाटील, जोशी, कुलकर्णी असेल तर सर्चमध्ये भलत्याच कोणाचं कोर्टाचं देणं तुमच्या नावावर दिसू शकतं. घाबरू नका, ‘तो मी नव्हे’ असं अ‍ॅफिडेव्हिट द्यावं लागतं, पण ते शेवटच्या दिवशी कळलं तर धावपळ होते.

विकून भारतात परत जाणाऱ्यांसाठी फिरप्टा, म्हणजे परदेशी विकणाऱ्याचा टॅक्स आधीच कापून घ्यायचा कायदा. विकणारा टॅक्सच्या दृष्टीने ‘फॉरेन पर्सन’ असेल तर घेणाऱ्याने विक्रीच्या किमतीच्या १५ टक्के कापून २० दिवसांत आयआरएसला (इथल्या टॅक्स खात्याला) भरायचे असतात. किमतीच्या, नफ्याच्या नाही! घेणारा स्वतः राहायला घेत असेल आणि किंमत ३ लाख डॉलरपर्यंत असेल तर सहसा कापावं लागत नाही, त्यावर १० लाखांपर्यंत १० टक्के. एच-वन-बी व्हिसावर इथे वर्षभर राहणारे बहुतेक रेसिडेंटच धरले जातात, त्यांना हे लागत नाही, पण आधी परत गेलात आणि घर पुढच्या वर्षी विकलंत तर चित्र पालटतं, कारण ते दिवसांवर मोजतात. प्रत्यक्ष टॅक्स कमी बसणार असेल तर क्लोजिंगच्या आत ८२८८-बी फॉर्म भरून आयआरएसकडे कपात कमी करून मागता येते, निर्णय येईपर्यंत पैसे टायटल कंपनीकडे राहू शकतात. सगळ्याच कंपन्यांना याची सवय नसते. ‘फिरप्टाचे सौदे केलेत का?’ विचारा, उत्तर अडखळत आलं तर दुसरी कंपनी बघा. नवरा-बायको दोघांकडे सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटीन (तो नसलेल्यांसाठीचा टॅक्स नंबर) हवा. सीएला नाही, इथल्या सीपीएला विचारा.

कंपनी कशी आहे हे ओळखायची माझी पद्धत म्हणजे ऑफिसला फोन करून आपली फाइल प्रत्यक्ष बघणार कोण त्या बाईंशी किंवा बुवांशी बोलणं. मार्केटिंगवाला सगळ्यांशी गोडच बोलतो. एस्क्रो ऑफिसर सुट्टीवर गेली तर कोण बघतं, ईमेलला कधी उत्तर येतं, आणि हो, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीचा प्रश्न तिलाच विचारायचा, रिसेप्शनला नाही.

कॉन्ट्रॅक्ट झालं की तीन दिवसांत अर्नेस्ट मनी (बयाणा) आणि ऑप्शन फी (ठरलेल्या दिवसांत माघार घेता यावी म्हणूनचे पैसे) टायटल कंपनीकडे, पावती ठेवा. मग टायटल कमिटमेंट (कंपनी कुठल्या अटींवर विमा देणार तो कागद) येते, ती वाचा. शेड्यूल बी म्हणजे विमा कशाकशाला लागू नाही ते, शेड्यूल सी म्हणजे क्लोजिंगआधी काय काय मिटवायचं ते. सी मध्ये ‘जोडीदाराची सही’ किंवा लग्नाबद्दल काही लिहिलेलं दिसलं तर त्याच दिवशी फोन करा. आमच्या कमिटमेंटमध्ये ती ओळ होती, आणि आम्ही ती वाचलीच नव्हती. हरकत घ्यायची मुदत कॉन्ट्रॅक्टमध्ये असते, ती कॅलेंडरमध्ये टाका. सर्व्हे (जागेच्या मोजणीचा नकाशा) जुना असेल तर चालेल का विचारा, नवीन काढायला वेळ लागतो.

पैसे पाठवताना वायरचा खाते नंबर ईमेलवरून कधीच घेऊ नका. ‘आमचं खातं बदललंय’ असा ईमेल आला तर तो चोराचा आहे असंच धरून चाला. पहिल्या भेटीत घेतलेल्या नंबरवर स्वतः फोन करून आकडे ताडून घ्या. एकदा गेलेली वायर परत मिळणं फार कठीण असतं.

क्लोजिंग शुक्रवारी दुपारी नको, काही अडलं तर सोमवार. क्लोजिंग डिस्क्लोजर (शेवटच्या सगळ्या आकड्यांचा कागद) कर्ज घेणाऱ्याला तीन कामाचे दिवस आधी मिळायला हवं, त्यात प्रॉपर्टी टॅक्सची वाटणी आणि एचओएचे (सोसायटीचे) आकडे तपासा. तुमचं ड्रायव्हिंग लायसन संपलेलं नाही ना बघा. विकणाऱ्यांनी अमेरिकेतलं बँक खातं आधी बंद करू नये.

नंतर डीडची नोंद झाली का ते काउंटी क्लार्कच्या साइटवर बघायचं, पॉलिसी आली की जपून ठेवायची, राहायला गेलात की होमस्टेड एक्झेम्प्शनचा (प्रॉपर्टी टॅक्समधल्या सवलतीचा) अर्ज काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे, तो फुकट असतो. आणि ‘तुमच्या डीडची प्रत अमुक डॉलरला’ असं सरकारी दिसणारं पत्र येईल, ती जाहिरात असते, फाडून टाका.