नृसिंहवाडी ते खिद्रापूर: सपाटीवरची निवांत सायकल

कोल्हापुरात सायकल म्हटलं की लोक पन्हाळ्याचा घाट धरतात. घाम गाळायचा असेल तर उत्तमच. पण घरातल्या सगळ्यांना घेऊन, गप्पा मारत अर्धा दिवस सायकल चालवायची असेल तर तोंड पूर्वेला करावं. पंचगंगा शिरोळ तालुक्यात उतरते तशी जमीन सपाट होत जाते. नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते, आणि तिथून खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरापर्यंत चढ लागलाच तर तो पुलाचा.

वाडी ते कुरुंदवाड तीनेक किलोमीटर. तिथून मजरेवाडी, अकिवाट, सैनिक टाकळी या बाजूने खिद्रापूर आणखी पंधरा-सोळा. जाऊन-येऊन चाळीसच्या आसपास. ताशी 12 किलोमीटरच्या आरामाच्या चालीने चाकांवरचा वेळ साडेतीन तास, थांबे धरून सहा. कोल्हापुरातूनच सायकल हाणत निघू नका. हातकणंगले-जयसिंगपूरचा रस्ता ट्रक, वडाप आणि एसटीचा आहे. तिथे निवांतपणा सापडत नाही. गाडीच्या कॅरियरवर किंवा छोट्या टेम्पोत सायकली टाकून वाडीच्या पार्किंगपर्यंत न्या.

तारीख आधी ठरवा, रस्ता नंतर

या भागात रस्ता मोकळा मिळणं नकाशापेक्षा कॅलेंडरवर जास्त अवलंबून असतं. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चच्या आसपास संपतो. त्या काळात याच शांत रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, ऊस वाहणाऱ्या अंगद गाड्या आणि बैलगाड्या रात्रंदिवस चालतात. ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी ऊस हात-दीड हात बाहेर आलेला असतो, मागची ट्रॉली खड्ड्यात झोल खाते आणि कित्येकांना मागे साधा रिफ्लेक्टरही नसतो. वाटेत पडलेल्या उसाच्या कांड्या चाकाखाली रुळासारख्या फिरतात. त्यांवरून जावंच लागलं तर हँडल सरळ ठेवा आणि ब्रेक दाबू नका.

म्हणून पहिली पसंती दसरा ते दिवाळी. पाऊस सरलेला, नद्या पात्रात गेलेल्या, कारखान्याची चिमणी अजून थंड. एकच उणीव: ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो, त्यामुळे बराच वेळ हिरव्या भिंतींच्या मधून जावं लागतं. लांबवर पाहायचं असेल तर मार्चचा दुसरा पंधरवडा बरा. फड मोकळे झालेले असतात आणि नदीकाठची गावं दुरून ओळखू येतात. मात्र सकाळी सहाला चाक हललं पाहिजे आणि अकराच्या आत सावलीत यायला हवं. मार्चनंतर दुपारी पश्चिमेचा वाराही सुटतो आणि परतताना तो नेमका तोंडावर येतो.

डिसेंबर-जानेवारीशिवाय सुट्टी मिळत नसेल तर रविवारी पहाटे निघा, कारखान्याच्या गेटाकडे जाणारा रस्ता टाळा आणि धुकं विरेपर्यंत मागचा लाल दिवा चालू ठेवा. नदीकाठी साडेआठपर्यंत धुकं राहू शकतं.

पावसाळ्यात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज पेपरात येते: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. कोल्हापुरात पाणी उतरलं म्हणून शिरोळला लगेच निघू नये. खालच्या अंगाला ते उशिरा ओसरतं, आणि ओसरल्यावरही रस्त्यावर गाळाचा थर राहतो. वाळला की धूळ, भिजला की साबण.

यात्रेच्या दिवसांचीही खूणगाठ बांधा. वाडीला गुरुवार, पौर्णिमा आणि दत्तजयंतीला गर्दी उसळते. खिद्रापूरला महाशिवरात्र आणि त्रिपुरारी पौर्णिमेला.

सायकल आणि हवा

रोडबाइकचे 23-25 मिलिमीटरचे टायर इथे नकोत. 35 ते 40 मिलिमीटरचा हायब्रिड टायर सगळ्यात सोयीचा. साठ-सत्तर किलोच्या माणसाला त्यात 45 ते 55 पीएसआय हवा पुरते. एमटीबीचा दोन इंची टायर असेल तर 35 ते 40. गिअर नसलेली घरची सायकलसुद्धा चालते, फक्त सीटची उंची तपासा: टाच पेडलवर ठेवून पेडल खाली नेलं की गुडघा पूर्ण सरळ व्हावा. नेहमीची तक्रार गुडघेदुखीची असते आणि बहुतेक वेळा सीट खाली असते.

सोबत दोन ट्यूब, पॅच, दोन टायर लिव्हर, पंप, अॅलन की आणि काटे काढायचा छोटा चिमटा. तुमच्या ट्यूबला बारीक, स्क्रूचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर अडॅप्टर घ्याच. गावातल्या पंक्चरवाल्याकडे जाड, मोटारसायकलवाल्या व्हॉल्व्हचं नळकांडं असतं आणि ते प्रेस्टाला बसत नाही.

इथली पंक्चरं करते बाभूळ. शेताच्या कुंपणाला लावलेल्या फांद्या सुकतात आणि काटे रस्त्यावर येतात. असं पंक्चर घाईने काढलं की दोन किलोमीटरवर पुन्हा होतं. कारण काट्याचं टोक टायरमध्ये मोडून राहतं. बाहेरून दिसत नाही, आतून नव्या ट्यूबला टोचतं. म्हणून टायर चढवतानाच त्यावरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हच्या समोर आणून ठेवायची सवय लावा. ट्यूब बाहेर काढून हवा भरा, भोक शोधा, व्हॉल्व्हपासून किती वीत अंतरावर आहे ते मोजा आणि टायरवर तितक्याच अंतरावर दोन्ही बाजूंना पाहा. टायर आतून फिरवताना बोट घालू नका, रुमाल फिरवा. टोक बारीक असलं तरी सूत अडकतं. तिथे टायर उलटा वाकवला की काटा वर येतो, मग चिमट्याने ओढायचा. ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या तर काटा शोधत बसू नका. तो खड्ड्याचा मार आहे आणि हवा कमी होती एवढाच त्याचा अर्थ.

पाऊस पडून गेला असेल तर पाणंदीत, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेत, शिरू नका. काळी माती टायरवर थरावर थर चढवते, मडगार्डमध्ये गच्च बसते आणि चाक फिरेनासं होतं. अशा वेळी काडीने उकरून काढा. जोर लावून पेडल मारलं तर चेन उतरते. डांबरी सोडायची नाही, हेच खरं.

वाट

वाडीत सायकल लावून आधी घाटावर उतरा. नृसिंह सरस्वतींनी इथे बारा वर्षं वास्तव्य केलं अशी श्रद्धा आहे, आणि मंदिरात मूर्तीऐवजी पादुकांची पूजा होते. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडतं, तो दक्षिणद्वार सोहळा. पुराच्या खुणा पायऱ्यांवर आणि खांबांवर बघून ठेवल्या की वर जे सांगितलं ते कळतं.

कुरुंदवाड पटवर्धनांचं संस्थान. घाट भक्कम आहे. संताजी घोरपडे यांची समाधी म्हणून दाखवतात ती जागाही इथेच. याच गावात गणेशोत्सवात मशिदींत गणपती बसतात. सप्टेंबरात आलात तर तेवढ्यासाठी गल्ल्यांतून एक फेरी मारा, सायकल हातात धरून. पाण्याच्या बाटल्याही कुरुंदवाडलाच भरा, माणशी दोन लिटर. पुढे मोठी हॉटेलं लागत नाहीत.

अकिवाट, सैनिक टाकळीच्या वाटेवर फाटे फसवे आहेत. फोनवरचा नकाशा जवळची म्हणून कधी पाणंद दाखवतो, कधी बंधारा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरची वाट अरुंद असते आणि कठडा नसतो. सायकल हातात धरून, एकामागे एक चाला. पावसाळ्याआधी बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढतात आणि पाऊस सरल्यावर पुन्हा घालतात. बरगे असोत-नसोत, वरून पाणी वाहत असेल तर मोटारसायकलवाले जाताना दिसले तरी मागे फिरा. शंका आली की बैलगाडीवाल्याला किंवा दूध घालायला निघालेल्या माणसाला "मामा, डांबरीनं खिद्रापूर कुठनं?" असं विचारा. "डांबरीनं" हा शब्द गाळलात तर जवळची वाट सांगतील, आणि ती शेतातून जाईल.

खिद्रापूरला घाई करू नका. सायकल आवाराबाहेर लावा. भिंतीला किंवा खांबाला टेकवू नका. कोपेश्वर हे शिलाहारांच्या काळातलं बाराव्या शतकातलं काम, आणि दक्षिण दाराजवळ यादव राजा सिंघण याचा शके 1136 चा देवनागरी लेख आहे. समोर नंदी नाही. गाभाऱ्यात कोपेश्वर आणि धोपेश्वर अशी दोन लिंगं आहेत, आणि नंदी कर्नाटकात यडूरला आहे असं गावकरी सांगतात. बाहेरून एक प्रदक्षिणा फक्त खालच्या गजपट्टासाठी घाला. हत्ती पाठीवर मंदिर पेलून उभे आहेत आणि प्रत्येकाची ठेवण वेगळी आहे.

मग स्वर्गमंडपात या. 48 खांबांच्या मंडपाला मधोमध छप्परच नाही: सुमारे 13 फूट व्यासाचं वर्तुळ आणि बरोबर त्याखाली तेवढीच गोल शिळा. वर्तुळाच्या कडेने वाहनांसह अष्टदिक्पाल बसले आहेत. ते पाहायला शिळेजवळ उभं राहून मान वर करावी लागते. सकाळी उन्हाची चकती पश्चिमेच्या खांबांवर असते आणि सूर्य चढेल तशी खाली सरकते. हिवाळ्यात दुपारी बारालाही ती शिळेवर येत नाही, उत्तरेला पडते, कारण सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. नेमकी शिळेवर पाहायची तर मेच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास भर दुपारी यावं लागेल. त्या उन्हात गाडीनेच या.

जवळच जैन मंदिर आहे, तेही सोडू नका.

कमी अंतराची चाचणी

लहान मुलं असतील किंवा सायकल वर्षभर धूळ खात पडली असेल तर आधी कोल्हापुरातला पंचगंगा घाट ते प्रयाग चिखली करून बघा. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती इथे मिळतात, गुप्त सरस्वती धरली की पाच. एकच वाईट भाग आहे: शिवाजी पूल आणि पुढचा रत्नागिरी रस्ता. सकाळी सातच्या आत तो पार करा, आंबेवाडीकडे वळलात की सुटलात.

परत वाडीत

जेवण वाडीतच करा आणि बासुंदी सायकल गाडीवर चढल्यानंतर खा, आधी नव्हे. घरी न्यायला पेढ्यापेक्षा कवठाची बर्फी सोयीची. ऊन लागून पेढे एकमेकांना चिकटतात, बर्फी तग धरते. कृष्णाकाठची वांगी मात्र कॅरियरच्या पिशवीत तळाला घालू नका, खड्ड्यांनी त्यांचं भरीत होतं.