त्रिकोणी वादविवाद सामना कसा भरवावा: शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकी महाविद्यालयांची रीत, कोल्हापूरच्या वक्तृत्व मंडळांसाठी

कोल्हापूर जिल्ह्यातील महाविद्यालयांत भरणाऱ्या बहुतेक वादविवाद स्पर्धांची रचना सारखीच असते. प्रत्येक महाविद्यालयाचे दोन स्पर्धक येतात, एक विषयाच्या बाजूने आणि दुसरा विरोधात बोलतो, पाचव्या मिनिटाला सूचनेची घंटा वाजते, सातव्याला शेवटची वाजते आणि सायंकाळी फिरता करंडक एखाद्या संघाच्या हाती जातो. या रचनेत वक्तृत्वाला वाव मिळतो, वाद मात्र होत नाही. कारण आधीच्या वक्त्याच्या मुद्द्याला उत्तर देण्याची सक्ती कोणावरच नसते आणि पाठ केलेले भाषण तिसऱ्या क्रमांकावर केले काय किंवा तिसाव्या क्रमांकावर केले काय, त्यातला शब्दही बदलत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील महाविद्यालयांनी वादविवादाची जी रीत बसवली, तिच्यात प्रतिपक्षाचे खंडन केल्याशिवाय सामना जिंकणे कठीण होते. तीच रीत इथे आणावी, असे मला मनापासून वाटते, आणि ती कशी आणता येईल ते पुढे सांगितले आहे.

त्या काळापूर्वी अमेरिकी विद्यार्थी आपापल्या महाविद्यालयातील साहित्य मंडळांत आपसांतच वाद घालत असत. १४ जानेवारी १८९२ रोजी हार्वर्ड आणि येल यांचे विद्यार्थी हार्वर्डचे गाव असलेल्या केंब्रिज येथे एका व्यासपीठावर आले. त्या पहिल्या सामन्यात निकाल दिला गेला नव्हता, पण लवकरच परीक्षक, निकाल आणि चुरस या गोष्टी रूढ झाल्या. १९०९ मध्ये हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांनी त्रिकोणी सामने सुरू केले. तीन महाविद्यालयांनी एकच विषय घ्यायचा, प्रत्येकाने दोन संघ तयार करायचे, एका संघाने घरी राहून एक बाजू मांडायची आणि दुसऱ्याने परगावी जाऊन उलट बाजू मांडायची, अशी या सामन्यांची घडण होती.

आपल्याकडे कोल्हापूर शहर, इचलकरंजी आणि गडहिंग्लज येथील एकेक महाविद्यालय एकत्र आले तरी हा सामना उभा राहतो. यजमान संघ नेहमी अनुकूल बाजू मांडेल असे ठरवावे. मग कोल्हापुरात गडहिंग्लजचा पाहुणा संघ, गडहिंग्लजला इचलकरंजीचा आणि इचलकरंजीला कोल्हापूरचा संघ प्रतिकूल बाजू मांडेल. तिन्ही सामने एकाच दिवशी, एकाच वेळी ठेवावेत, म्हणजे एका ठिकाणचे मुद्दे दुसरीकडे आयते पोहोचणार नाहीत. परतीचा प्रवास लक्षात घेऊन वेळ दुपारी तीनची ठेवावी. रात्री उशिरा परतावे लागेल या कारणाने एखाद्या विद्यार्थिनीला घरून परवानगी मिळाली नाही, असे होता कामा नये. अमेरिकेत त्या काळी मुलींचे सामने बहुधा वेगळे होत. व्हासार आणि वेलस्ली या मुलींच्या महाविद्यालयांचा सामना १९०२ मध्ये झाला. त्या रीतीतला हा भाग आपल्याला नको, आपले संघ मुलामुलींचे मिळूनच असावेत.

प्रत्येक महाविद्यालयाला असे सहा वक्ते लागतात, आणि माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ इथेच आहे. तीन जण अनुकूल आणि तीन जण प्रतिकूल बाजूची तयारी करत असल्याने सामन्यापूर्वी त्यांचे आपसांत झगडे लावता येतात, आणि बाहेरचा प्रतिपक्षी जे प्रश्न विचारणार असतो, ते घरचाच सोबती आधी विचारून ठेवतो.

सामन्याचे करारपत्र दीड-दोन महिने आधी लेखी करावे. त्यात विषयाचे शब्द, बाजू, वेळा, परीक्षक निवडण्याची रीत आणि प्रवासखर्चाची वाटणी एवढे असले की पुरे. दोनच महाविद्यालये असतील तर अमेरिकेतील एक जुनी अट जरूर घ्यावी: एकाने विषय द्यायचा आणि बाजू निवडण्याचा हक्क दुसऱ्याला द्यायचा. भावाभावांच्या वाटणीत एकाने वाटे पाडावेत आणि दुसऱ्याने आधी उचलावे, तसाच हा न्याय आहे. विषय देणाऱ्याला तो दोन्ही बाजूंना समतोल ठेवणे भागच पडते.

विषयाचे शब्द ठरवण्यावर मात्र मनसोक्त वेळ घालवावा. त्या काळातील अमेरिकी विद्यार्थी नगरशासन, प्राप्तिकर, न्यायाधीशांना परत बोलावण्याचा मतदारांचा अधिकार, परदेशातून येणाऱ्यांची साक्षरता चाचणी अशा चालू प्रश्नांवर वाद घालत. १९०० च्या वादळाने गॅल्व्हेस्टन शहर उद्ध्वस्त झाल्यावर तिथे नगराचा कारभार मोजक्या आयुक्तांच्या मंडळाकडे सोपवला गेला, १९०७ मध्ये डे मॉइन शहराने तशीच योजना स्वीकारली, आणि ही पद्धत इतर शहरांनी घ्यावी की नाही हा महाविद्यालयांतील आवडता विषय बनला. आपल्याकडे ‘विज्ञान शाप की वरदान’ हा विषय अजून चालतो, पण त्याच्यावर निर्णय असा कोणालाच घ्यायचा नसतो. कोल्हापूरच्या हद्दवाढीवर, म्हणजे शहरालगतची गावे महापालिकेत घेण्यावर, निर्णय घ्यावा लागतो, म्हणून तो खरा विषय आहे.

‘कोल्हापूरची हद्दवाढ’ हा झाला केवळ मथळा. ‘गावांच्या मुळावर उठलेली हद्दवाढ रोखावी’ या वाक्यात निकाल आधीच देऊन टाकला आहे. ‘हद्दवाढ करावी आणि शहरालगतच्या गावांसाठीचे विकास प्राधिकरण रद्द करावे’ यात दोन विषय एकत्र आले आहेत, त्यामुळे पहिली गोष्ट मान्य आणि दुसरी अमान्य असणाऱ्याला कोणत्याही बाजूला बसता येत नाही. ‘उचगाव, पाचगाव आणि कळंबा ही गावे कोल्हापूर महापालिकेच्या हद्दीत असावीत’ हे वाक्य चालेल, कारण त्यात एकच सूचना आहे, गावे नेमकी सांगितली आहेत आणि एकही शब्द कोणाच्या बाजूला झुकलेला नाही. विषय शिळा होणार नाही याकडेही लक्ष असावे. कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते पीठ, ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले, त्यामुळे ते हवे की नको हा वाद आता मिटला आहे. तिथे कायमचे खंडपीठ असावे का, हा विषय मात्र घेता येईल.

विषय ठरला की भाषण लिहायला बसू नये. हार्वर्डमध्ये शिकवणारे जॉर्ज पिअर्स बेकर यांनी विद्यार्थ्यांना आधी युक्तिवादाचा आराखडा करण्याची शिस्त लावली, आणि ती अमेरिकेतील महाविद्यालयांत पसरली. आराखड्याच्या आरंभी प्रश्न कसा उद्भवला हे लिहावे, शब्दांचे अर्थ ठरवावेत, दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या गोष्टी वेगळ्या काढाव्यात, आणि मग जे उरते तेच खरे वादाचे मुद्दे म्हणून नोंदवावेत. १९७२ मध्ये कोल्हापूर नगरपालिकेची महापालिका झाली आणि २०१७ मध्ये शहरालगतच्या गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले, हे दोन्ही बाजूंना मान्य असणार. त्यावर व्यासपीठावरची मिनिटे खर्चू नयेत. वादाचे मुद्दे तीन-चारच राहतात: शहराच्या सोयी वापरणाऱ्या वस्तीने शहराचा कर भरावा का, गावकऱ्यांवर घरफाळ्याचा बोजा किती पडेल, शेतजमिनीचे काय होईल, आणि ग्रामपंचायत गेल्यावर गावाचा आवाज महापालिकेत किती उरेल. प्रत्येक मुद्दा पूर्ण वाक्यात लिहावा आणि त्याखालचे प्रत्येक उपवाक्य ‘कारण’ या शब्दाने जोडून पाहावे. जिथे ‘कारण’ बसत नाही, तिथे पुरावा नसून केवळ विस्तार आहे, असे समजावे.

पुराव्यासाठी शिवाजी विद्यापीठाचे बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आणि १८५० पासून वाचकांची सेवा करणारे करवीर नगर वाचन मंदिर ही दोन ठिकाणे हाताशी आहेत. महापालिकेचा अर्थसंकल्प आणि वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली तर पाहाव्यातच, शिवाय सहाही वक्त्यांनी पाचगाव आणि उचगाव येथे जाऊन लोकांशी बोलावे. प्रत्येक आकडा वेगळ्या कार्डावर लिहून खाली तो कुठून घेतला ते नोंदवावे, म्हणजे खंडनाच्या वेळी हवे ते कार्ड चटकन हाती येते.

प्रत्यक्ष सामन्यात प्रत्येक बाजूचे तीन वक्ते असावेत. अमेरिकेत मुख्य भाषणाला साधारण दहा ते बारा मिनिटे आणि खंडनाला पाच मिनिटे दिली जात. आपण दहा आणि पाच घेतली तर बोलण्याची एकूण वेळ दीड तास होते. बदल मागणारी बाजू अनुकूल असते आणि सिद्ध करण्याचा भार तिच्यावर असतो, म्हणून पहिले भाषण तिचे असते. खंडनाची फेरी मात्र प्रतिकूल बाजू सुरू करते आणि शेवटचा शब्द अनुकूल बाजूला मिळतो. खंडनात नवा मुद्दा आणता येत नाही, आधीच्या मुद्द्यासाठी नवा पुरावा मात्र देता येतो. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत सांगावे, मग आपले उत्तर, मग त्याचा पुरावा, आणि शेवटी त्या मुद्द्यात आता काय शिल्लक राहिले ते एका वाक्यात सांगावे. यातली पहिली पायरी गाळण्याचा मोह नवशिक्यांना फार होतो, आणि मग श्रोत्यांना कशाचे उत्तर चालले आहे तेच कळत नाही.

या पद्धतीवर एक गंभीर आक्षेप आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात लिहिले की, वक्त्याचा विश्वास न पाहता त्याला बाजू नेमून देणारे सामने आपल्याला मुळीच पसंत नाहीत. मला हा आक्षेप वजनदार वाटतो. त्रिकोणी सामन्यात दोन्ही बाजूंचे संघ लागतातच, त्यामुळे सहा जणांनी आपली बाजू शक्यतो स्वतः निवडावी, आणि जिथे विद्यार्थ्याची श्रद्धा गुंतली आहे तिथे त्याला उलट बाजूला बसवू नये. जिथे मतच अजून बनलेले नाही, तिथे उलट बाजूचा अभ्यास केल्याने नुकसान होत नाही.

तीन परीक्षकांना सभागृहात वेगवेगळ्या ठिकाणी बसवावे, त्यांनी आपसांत चर्चा करू नये आणि प्रत्येकाने बंद पाकिटात एकाच बाजूचे नाव द्यावे. ‘मत विषयावर न देता वादावर द्यावे’ ही सूचना पाकिटावरच छापावी. हद्दवाढीच्या विषयाला नगरसेवक किंवा सरपंच परीक्षक नसावेत. श्रोते म्हणून त्यांना अगत्याने बोलवावे. जेम्स ओ’नील यांच्यासारख्या अमेरिकी शिक्षकांनी पुढे असा आग्रह धरला की, परीक्षक वादविवादाचा जाणकार असावा. म्हणून तिघांपैकी एकाने तरी निकालानंतर दहा मिनिटे बोलून कोणता मुद्दा अनुत्तरित राहिला हे सांगावे.

वक्तृत्व स्पर्धा हा वेगळा प्रकार आहे आणि तिच्यासाठी त्या काळची एकच गोष्ट घेतली तरी पुरे. अमेरिकेतील आंतरराज्य वक्तृत्व स्पर्धा १८७४ मध्ये सुरू झाली, आणि १८७९ मध्ये विस्कॉन्सिनच्या रॉबर्ट ला फॉलेट यांनी शेक्सपियरच्या इयागो या पात्रावर बोलून ती जिंकली. अशा स्पर्धांत भाषणाच्या लेखनाचे परीक्षक आणि सादरीकरणाचे परीक्षक वेगळे ठेवण्याची पद्धत होती, आणि गुणांऐवजी क्रमांकांना महत्त्व होते. एका परीक्षकाने सगळ्यांना ७० ते ७५ च्या दरम्यान गुण दिले आणि दुसऱ्याने ४० ते ९५, तर बेरजेत दुसऱ्याचेच मत चालते. क्रमांकांची बेरीज केली की दोघांचे वजन सारखे होते. स्पर्धकांची नावे काढून संहिता आठ दिवस आधी लेखन-परीक्षकांकडे पाठवाव्यात.

सामना संपल्यावर दोन्ही बाजूंचे आराखडे, पुराव्यांची कार्डे आणि परीक्षकांची टिपणे एका फायलीत लावून तिन्ही महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत तिची एकेक प्रत ठेवावी आणि पुढच्या वर्षीच्या सहा जणांना तयारीच्या पहिल्याच बैठकीत ती वाचायला द्यावी.